वीतभर रणगाडा, बोटभर गोधडी

१

शुक्रवारी दुपारी दोन वाजता चित्रकलेच्या खोलीतून अशी काही आरोळी आली, की सातवीच्या वर्गात शिवणाचा तास घेणाऱ्या दमयंतीबाईंच्या बोटात सुई गेली. आवाज मुळे सरांचा होता. शामकांत मुळे एरवी इतके हळू बोलत, की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्या तासाला बिनघोर झोपत. तो माणूस ओरडतो म्हणजे एक तर साप निघाला असणार, नाहीतर रणगाड्याला काहीतरी झालं असणार.

साप नव्हता.

दमयंतीबाई बोट चोखत पोचल्या, तेव्हा मुळे सर टेबलापाशी डोकं धरून उभे होते आणि टेबलावर त्यांचा रणगाडा होता. आता रणगाडा म्हणजे खेळणं असं तुम्ही समजाल, तर मुळे सर तुमच्याशी जन्मात बोलणार नाहीत. विलायतेतल्या मेव्हण्यानं त्यांना प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक खोका पाठवला होता. भाग जोडले की सेंच्युरियन रणगाडा तयार, वीतभर लांबीचा. सव्वा वर्षापूर्वीच्या लढाईत आपल्या फौजेनं चालवले, त्यांतलाच. जोडायला दोन दिवस लागले, पण सरांना तो बोडका वाटला, आणि पुढचे चार महिने ते त्याच्या अंगावर एकेक वस्तू चढवत बसले. सायकलच्या ब्रेकच्या वायरीचे पदर उलगडून त्यांनी ओढायचा दोर वळला. चहाच्या गाळणीची जाळी कापून इंजिनावर बसवली. खराट्याची काडी तासून एरियल केली, काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे पेटारे केले, बँडेजचं कापड डिंकात भिजवून ताडपत्री केली. बोल्टांच्या जागी राजगिऱ्याचा एकेक दाणा चिमट्यानं चिकटवला. प्लास्टिकची तोफ मनाला येईना, म्हणून नगरला जाऊन लेथवाल्याकडून पितळेची नळी कातून आणली. "माझ्या तोंडाकडं चार महिन्यांत एवढं बघितलं नाहीत," असं त्यांच्या बायकोनं शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं होतं.

परवा रविवारी नगरला शाळांचं प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून फौजेतले एक साहेब यायचे होते. रणगाड्याखाली सुबक अक्षरांत पाटी होती, 'रणांगणावरील रणगाडा'.

"मागच्या शुक्रवारी झेंडा गेला," मुळे सर म्हणाले. "मला वाटलं, वाऱ्यानं उडाला. मंगळवारी पुढचे दोन दिवे गेले. आरशाच्या टिकल्या बसवल्या होत्या हो त्यांत! म्हटलं, डिंक कच्चा असेल. आणि आज हे बघा."

चाकांच्या कडांना सरांनी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती, केसाएवढ्या कुंचल्यानं, श्वास रोखून. ती सगळी चिखलानं माखली होती.

तोवर मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हस्के येऊन ठेपले. आप्पासाहेबांचा न्याय झटपट असे. "खोलीला कुलूप असतं. मुळे सरांशिवाय खोली उघडायची नाही, हा माझा लेखी हुकूम आहे. किल्ली कुणाकडं?"

सगळ्यांच्या माना शिपायाकडं वळल्या. कानिफनाथ दारात उभा होता. अठरा वर्षं शाळेची घंटा त्याच्या हातात होती.

"खोली उघडली होतीस?" आप्पासाहेबांनी विचारलं.

कानिफनाथनं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. "म्या काय बी नेलं न्हाई, सायेब."

"मी ते विचारलं नाही."

त्यावर त्यानं टोपी पुन्हा घातली. आप्पासाहेबांनी तिथंच कागद मागवून पत्र लिहिलं. उद्या दुपारी दोनच्या एस.टी.नं मुलं नगरला निघतील, त्यांच्याबरोबर हे पत्र संस्थेच्या कचेरीत जाईल, आणि सोमवारपासून दुसरा शिपाई येईल.

"आप्पासाहेब, दोनपर्यंत तो कागद खिशातच राहू द्या," दमयंतीबाई म्हणाल्या.

आता हे दुसरं कोणी म्हटलं असतं तर आप्पासाहेब खेकसले असते. पण मागच्या साली स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी हरवलेली हार्मोनियम बाईंनी नुसत्या उंदराच्या लेंड्यांवरून शोधून काढली होती. आप्पासाहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दमयंतीबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि त्या रणगाड्याकडं वाकल्या. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, मग मागून. तोफेच्या घुमटामागं, ताडपत्रीशेजारी, तांब्याच्या तारेनं काहीतरी बांधलेलं होतं. बोटाच्या पेराएवढी एक गुंडाळी. हिरव्या चौकडीचं लुगड्याचं कापड, आत पांढरं धोतर, आणि वरून धावदोरा.

"मुळे सर, ही गोधडी छान केलीत."

"गोधडी?" मुळे सरांनी डोळे विस्फारले. "कसली गोधडी?"

२

चोर येतो, नेतो, पळतो. हा चोर ठेवूनही गेला होता. दमयंतीबाईंना तीस वर्षांत असा चोर भेटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटू लागली होती.

त्यांनी तार सोडवून गोधडी तळहातावर घेतली. टाके वाकडे, लांब आणि भलतेच मजबूत, दुहेरी दोऱ्याचे. शेवटी दोऱ्याला तीन वेढे देऊन आवळलेली गाठ. गोधडी शिवणारी बाई असा टाका घालत नाही. हा हात गुंड्या लावून लावून तयार झालेला होता. गोधडीला वासही येत होता. कसला, ते मात्र त्यांना लगेच सांगता येईना.

मग त्यांनी चाकाला बोट लावलं. चिखल अजून ओलसर होता.

सगळ्यात आधी त्या गेल्या विज्ञानाच्या जोगळेकर सरांकडं. माधव जोगळेकरांनी डब्याच्या पत्र्याचं वाफेचं इंजिन केलं होतं, पण प्रदर्शनासाठी शाळेनं निवडला रणगाडा. तेव्हापासून ते मुळे सरांशी फक्त फळ्यावर लिहून बोलत.

"माझ्यावर संशय?" जोगळेकर ताडकन उठले. "बाई, मला तो बिघडवायचाच असता तर तोफ मोडली असती! टिकल्या कोण चोरत बसेल?"

"हे मात्र खरं."

"आणि माझं इंजिन उजवंच आहे. बघा!"

बाईंनी बघितलं. इंजिनावर पत्रा जोडताना दिलेल्या डाखाचे गोळे असे चढले होते, जणू वडे तळून लावले आहेत. ज्यानं रणगाड्याचे दिवे काढले, त्यानं ते पात्यानं इतके अलगद सोडवले होते की खालच्या रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. हे काम जोगळेकरांच्या हातून होणं शक्य नव्हतं. बाईंनी तोंडानं इंजिनाची तारीफ केली आणि मनातून त्यांचं नाव पुसून टाकलं.

कानिफनाथ घंटेखाली उकिडवा बसला होता.

"कानिफनाथ, तू नेलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण खोली उघडली होतीस ना?"

"बाई, मला नगा इचारू," तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत म्हणाला. "उघडली म्हनलं तरी मेलो, न्हाई म्हनलं तरी मेलो. हुकूम लेखी हाय."

"कुणाला आत सोडलंस?"

"कुनालाच न्हाई. आईच्यान!"

तो खोटं बोलत नव्हता. आणि नेमकी हीच गोष्ट बाईंना घरी जाईपर्यंत सतावत राहिली.

३

गोधडी ओळखायची तर राहीबाईकडं जायचं, हे मिरजगावात कुणीही सांगेल. जुनी लुगडी, जुनी धोतरं घेऊन बायका तिच्याकडं येत, आणि कुठल्या गोधडीत कुणाच्या सासूचं लुगडं गेलंय हे ती वीस वर्षांनीही सांगे. वेशीजवळ तिचं घर. घरात ती आणि मुलगा, कागदावर गोरक्ष, गावात गोरख. वर्षभरापूर्वी तो फौजेतून परत आला होता आणि आता दुष्काळात टँकर चालवत होता. बाई गेल्या तेव्हा तो पुढच्या गावाला पाणी घेऊन गेला होता.

वाटेत बाईंनी ती एवढीशी गोधडी चौघींना दाखवली होती. चौघींनी आधी एकच विचारलं, "अगं बाई, कुन्या बाहुलीची ही?"

राहीबाईनं ती घेतली, डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ नेली.

"न्हाई वळखत," ती म्हणाली आणि गोधडी परत दिली.

एवढीशी का, कुणाची, कुठं सापडली, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. अंगणात दोरीवर एक मोठी गोधडी वाळत होती. तिच्या एका कोपऱ्याला नव्या कापडाचं ठिगळ होतं, आणि ठिगळाच्या कडेनं हिरवी चौकडी दिसत होती. ठिगळाचे टाके मात्र बारीक आणि एका रेषेत होते. तो राहीबाईचा हात होता, बाहुलीच्या गोधडीवरचा नव्हे.

"गोरख बरा आहे ना?" बाईंनी सहज विचारलं. "फौजेत काय करायचा हो तो?"

"लंगरात हुता की! भाकऱ्या थापायचा. मोठा कुकर फुटला आन डावा कान गेला, म्हून घरी धाडला." राहीबाईनं पदर सावरला. "लडाईच्या येळंला बी माज्या जिवाला घोर न्हवता. चुलीपुढं बसल्याला मानूस, त्याला काय हुतंय?"

हे तिनं गावात शंभर वेळा सांगितलं होतं आणि दर वेळी असंच, एका दमात. बाईंनी चहा घेतला आणि निघाल्या. पण एक विचार त्यांच्या मागं लागला. दोन लग्नं आणि एक बारसं, तीनदा गावानं गोरखला स्वयंपाकाला बोलावलं होतं, आणि तिन्हीदा त्याला नेमकं त्याच दिवशी काम निघालं होतं.

४

शनिवारी सकाळी आठला दमयंतीबाई शाळेत. मुळे सर खुर्चीत बसून चाकावरचा चिखल पुसावा की नको, या विचारात पडले होते.

"पुसू नका!" बाई ओरडल्या. "सर, मला एक सांगा. रणगाडा तुम्ही कशावरून बघून केलात?"

सरांनी वहीतून मासिकातलं एक कात्रण काढलं. सव्वीस जानेवारीचं दिल्लीतलं संचलन. रणगाड्यावर झेंडा, आरशासारखे लखलखणारे दिवे, चाकांना पांढऱ्या कडा.

बाई कात्रण बघत राहिल्या, मग खालची पाटी बघितली आणि एकदम हसत सुटल्या. "अहो सर, पाटी लावलीत रणांगणाची आणि रणगाडा सजवलात वरातीचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय गेलं बघा. झेंडा, दिवे, पांढऱ्या कडा. मिरवणुकीच्या तीनच वस्तू होत्या, त्या तिन्ही गेल्या. दोर जागेवर, पेटारे जागेवर, राजगिऱ्याचा एक दाणासुद्धा हललेला नाही. हा चोर नाही, सर. हा तुमच्या चुका दुरुस्त करतोय!"

मुळे सरांना चोर परवडला असता. चार महिन्यांच्या कामात कुणी चूक काढली म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण माणूस सच्चा होता. त्यांनी कात्रण पुन्हा बघितलं आणि हळूच म्हणाले, "लढाईला झेंडा लावून कोण जाईल, नाही का? माझ्या लक्षातच आलं नाही."

"ज्याच्या लक्षात आलं, त्यानं लढाईतला रणगाडा जवळून बघितलाय. आता तो आत कसा आला, तेवढं बघू."

बाई खोलीभर फिरल्या. रस्त्याकडच्या खिडकीच्या चौकटीवरचा चुना एका जागी गोलाकार घासून निघाला होता. समोर मागचं दार, त्याच्या उंबऱ्यावरही तसाच घासा. दोन्हींच्या मधल्या फरशीवर धूळ नव्हती. सगळ्या शाळेत बोटभर धूळ आणि इथं मात्र पुसल्यासारखा पट्टा. मागच्या दारापलीकडं शाळेचा पाण्याचा हौद होता.

मग त्यांना चाकावरचा चिखल आठवला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. दोन पावसाळे कोरडे गेलेले. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या. प्यायला घागर मिळायची मारामार, तिथं चिखल करायला पाणी कोण सांडणार? आख्ख्या मिरजगावात ओला चिखल एकाच जागी होता, टँकरच्या तोटीखाली. आणि टँकर येई मंगळवारी आणि शुक्रवारी.

"कानिफनाथ!" बाईंनी हाक मारली. "टँकरचा पाइप या खोलीतून जातो. हो की नाही?"

कानिफनाथ मटकन खाली बसला. "भायेरनं नेला तर धा फूट कमी पडतो, बाई. लेकरं तान्हेली ऱ्हात्याली. हुकूम लेखी हाय, पर पानी बी पायजेच की! म्या आत कुनाला सोडलं न्हाई. निस्ता पाइप गेला."

"आणि तू?"

"म्या हौदाकडं, तोंड धराया. बायकांची झुंबड उडती."

"आणि खिडकीपाशी पाइप सरळ करायला आत कोण उभा असतो?"

कानिफनाथनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. पाण्याबरोबर येतो त्या माणसाला त्यानं माणसांत मोजलंच नव्हतं.

५

बाईंनी गोरखला निरोप धाडला तो असा: बारा पोरं नगरला निघालीत, वाटेत खायला पिठलं-भाकरी हवीय, तू लंगरातला माणूस, तुझ्या डाव्या हातचा मळ. तेवढं कर. आज टँकर नाही, म्हणजे सबब सांगायला जागा नाही.

दहा वाजता गोरख आला. उंच, गोरा, मान उजवीकडून पुढं करून ऐकणारा. व्हरांड्यात तीन दगडांची चूल मांडलेली होती. त्यानं बेसनाच्या डब्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, पुन्हा डब्याकडं बघितलं.

"बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ह्यात आदी पानी टाकत्यात का आदी पीठ?"

बाईंनी मोठ्या कष्टानं हसू दाबलं. तेवढ्यात फाटकातून राहीबाई लगबगीनं आली, धापा टाकत. "सरक तिकडं! मी करते. त्याचा हात दुखतोय, बाई. सकाळपास्नं दुखतोय."

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "गोरख, तू आत चल. मुळे सरांना एक मदत हवी आहे."

आत आप्पासाहेब, मुळे सर, जोगळेकर सर आणि कोपऱ्यात कानिफनाथ, असे सगळे टेबलाभोवती उभे होते. बाईंनी सकाळीच मुळे सरांना विचारलं होतं, की रणगाड्यावर सगळ्यात तापणारी जागा कुठली? सरांनी मागच्या बाजूची नळकांडी दाखवली होती. ती बोटभर गोधडी आता घुमटामागं नव्हती, त्या नळकांड्यावर घट्ट बांधलेली होती.

गोरखनं रणगाड्याकडं बघायचं टाळलं. छताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. मग नजर गेलीच.

"अवो, तितं कुनी बांदली?" त्याचा हात आपोआप पुढं झाला. "सायलेन्सर हाय त्यो! गाडी सुरू झाली की पाच मिन्टांत जळून खाक हुईल!"

बाहेर पातेल्यात उलथनं वाजत होतं, तेवढाच आवाज.

"लंगरातल्या माणसाला बरंच माहीत आहे की," दमयंतीबाई म्हणाल्या.

गोरखचे कान लाल झाले. "मी... बघितल्यालं हुतं कुठंतरी."

"गोरख, मी तुला धरायला बोलावलं नाही. पण आप्पासाहेबांच्या खिशात एक कागद आहे. दोनच्या गाडीनं तो गेला की कानिफनाथची नोकरी गेली. दिवे त्यानं चोरले, असं त्यात लिहिलंय."

गोरखनं कानिफनाथकडं बघितलं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. काल रात्रीपर्यंत तो टँकर घेऊन गावोगाव फिरत होता. त्यानं एक शब्द न बोलता खिशातून काड्यापेटी काढली आणि टेबलावर उघडली. आत कापसावर दोन दिवे आणि घडी केलेला झेंडा होता. मुळे सरांनी ते बोटानं चाचपून बघितले.

"कागद फाडा, सायेब. मी केलं. कानिफमामांचा काय संबंद न्हाई." तो मुळे सरांकडं वळला. "सर, राग मानू नका. काम तुमचं लई झ्याक हाय. त्यो दोर, ती जाळी, ते बोल्ट, मला वाटलं माजीच गाडी बारकी हून आलीया. पर झेंडा लावून, दिवं चमकवत? काचंवर ऊन पडलं की लांबनं दिसतं, सर. आमी पैल्या दिशी दिवं काढून ठिवलं हुतं. पाइप धरून उबा ऱ्हायचो आन तेवडंच दिसायचं. मला बघवंना."

"मग सांगायचं नाही का, माणसा?" मुळे सर म्हणाले.

"कसं सांगू? गाडी मी चालवायचो, हे गावाला कळलं असतं. गावाला कळलं म्हंजी आईला कळलं." गोरखनं मान खाली घातली. "तिला लिवलं हुतं, लंगरात हाय. बाप न्हाई, दुसरं कुनी न्हाई, एकटी घरात बसून तिनं किती भ्यायचं? आता लडाई सरली, पर तवाच्या एकेक राती तिला पुन्यांदा आटवत्याल. कान बी त्यातच गेला. कुकर-बिकर काय न्हाई. बाई, तुमच्या पाया पडतो, आईला सांगू नका."

सगळे त्याच्या डाव्या खांद्यापलीकडं बघत होते. बाहेर उलथनं केव्हाच थांबलं होतं. गोरखला त्या बाजूनं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याला कळलं नाही.

राहीबाई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. ती त्याला वळसा घालून उजव्या कानाकडं आली.

"येडा रं येडा," ती म्हणाली. "तू घरी आलास तवा म्या तुजी गोधडी धुतली. तीन बादल्या काळं पानी निगालं. गिरीस आन डिझेल! लंगरातल्या गोधडीला फोडनीचा वास नगं व्हय यायला? आन काल बाईंनी ही चिंदी आनली, तिला बी त्योच वास."

बाईंनी डोळे मिटले. काल नाकाशी धरूनही त्यांना जो वास ओळखता आला नव्हता, तो टँकरवाल्याच्या बोटांचा डिझेलचा वास होता. राहीबाईनं तो एका श्वासात ओळखला होता.

"तुला म्हाईत हुतं?" गोरख म्हणाला. "मग सगळ्या गावाला लंगर-लंगर कशापाई सांगत सुटलीस?"

"तुला वाटत हुतं का न्हाई, आई सुकात हाय? मग वाटू द्यावं म्हनलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता दाव. कुटं बसायचास?"

गोरखनं तिचं पिठानं भरलेलं बोट धरलं आणि रणगाड्याच्या पुढच्या अंगाला, उजवीकडच्या बारक्या झाकणावर टेकवलं. पांढरा ठिपका उमटला. मुळे सरांनी तो पुसला नाही.

"एवड्याशा भोकात? पाय कुटं पसरायचास?"

"पसरत न्हवतो."

"आन माजी गोधडी?"

"मागं बांदलेली. रातीला काढायचो."

तिनं मान हलवली. मग नळकांड्यावरची गोधडी सोडवून हातात घेतली आणि टाके बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय टाकं हायती? ह्ये नगरला साऱ्या लोकांस्नी दावनार? बाई, सुई द्या."

दमयंतीबाईंच्या पदराला सुई टोचलेलीच असे. राहीबाईनं हात पुसले आणि खिडकीच्या उजेडात बसून लेकाचे टाके उसवले. मग बारीक, सरळ धावदोरा घालत सगळी गोधडी नव्यानं शिवून काढली. आप्पासाहेबांनी खिशातला कागद फाडला, तुकडे कुठं टाकावेत ते कळेना म्हणून पुन्हा खिशातच ठेवले, आणि कानिफनाथला म्हणाले, "सोमवारी दहा फूट पाइपसाठी अर्ज लिही. मी सही करतो." जोगळेकर सर रणगाड्याची निवड झाल्यापासून पहिल्यांदा मुळे सरांशी तोंडानं बोलले. "चिखल राहू द्या," ते म्हणाले, "चिखलानं शोभा आली."

"मग," शेवटची गाठ मारता मारता राहीबाईनं विचारलं, "लंगरात तू न्हवतास तर भाकरी कोन थापायचं रं?"

"लडाईत कुठली भाकरी, आये? बिस्किटं खायचो. कदी ती बी न्हाई."

राहीबाईचा हात थांबला. लढाई तिला ठाऊक होती, तोफ ठाऊक होती, काळं पाणी तिनं आपल्या हातानं ओतून दिलं होतं. पण ही गोष्ट तिला नवी होती. तिनं उठून गोरखच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"आन मला लिवायचास, पोटभर जेवतो म्हून!"

आणि मग ती रडायला लागली. सव्वा वर्षाचं साठलेलं रडणं होतं ते. गोरख तिला धरून उभा राहिला, कानिफनाथ टोपीत तोंड लपवून उभा राहिला, आणि हार्मोनियम उंदरांच्या लेंड्यांवरून शोधणाऱ्या दमयंतीबाईंना आपला चष्मा नाकावरच आहे हे पाच मिनिटं सापडलं नाही.

दोनची एस.टी. गाठायची होती. बारा पोरं डबे घेऊन चुलीभोवती गोळा झाली. पण पातेल्यातलं पहिलं पिठलं आणि वरची गरम भाकरी डब्यात गेली नाही. राहीबाईनं ती पितळीत वाढली, व्हरांड्यात गोरखच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी फतकल मारून बसली.

"पोरं थांबत्याल," ती म्हणाली. "तू आदी जेव. मी बघते."